पौर्णिमा रिकामी आहे का?

समुद्राचं सगळं आधी ठरलेलं असतं. पुढच्या वर्षी कुठल्या बंदरात कुठल्या दिवशी पाणी किती वाजता चढणार, किती वाजता उतरणार आणि किती मीटर उतरणार, हे वर्ष उजाडायच्या आधीच छापून तयार असतं. भारतीय सर्वेक्षण विभाग ही कोष्टकं दरवर्षी काढतो. इंग्रजांच्या अमदानीत, १८७९ साली, हिंदुस्थानातल्या बंदरांचं हे गणित करण्यासाठी लंडनमध्ये चक्रांचं आणि कप्प्यांचं एक खास यंत्र बनवण्यात आलं. यंत्र फिरवलं की बंदराच्या पाण्याचा आलेख कागदावर उमटायचा. साडूंच्या घरची चार माणसं शनिवारी सकाळी नक्की किती वाजता गाडीत बसतील, हे सांगणारं यंत्र तेव्हाही निघालं नाही आणि आताही निघालेलं नाही.

म्हणूनच कोकणात दोन दिवस फोटो काढायला जायचं, हे वाक्य वाटतं तितकं निरुपद्रवी नाही. डोंगरात फोटो काढणाऱ्याला सूर्य पुरतो. पहाटे उठावं, कड्यावर जाऊन बसावं, उजेड आला की बटण दाबावं. किनाऱ्यावर सूर्याच्या जोडीला चंद्रही सांभाळावा लागतो. उजेड सूर्याचा, पण त्या उजेडात समोर काय दिसणार ते चंद्राच्या हातात. शेवाळलेले खडक दिसणार की नुसतं पाणी, आभाळाचं प्रतिबिंब धरणारी ओली वाळू दिसणार की बंधाऱ्यावर आदळणाऱ्या लाटा, हे तो ठरवतो. आणि रजा ऑफिस ठरवतं. सूर्य, चंद्र आणि ऑफिस यांची एका तारखेला गाठ घालून द्यायची आणि मग त्या तारखेला नातेवाईक बसवायचे, एवढंच काम असतं.

यातला चंद्र सर्वांत सरळ. दिवसाकाठी दोन भरत्या, दोन ओहोट्या. एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी. म्हणजे आज ज्या वेळी भरती आली, उद्या त्याहून सुमारे ५० मिनिटं उशिरा. उशीर आहे, पण रोज तेवढाच आहे आणि त्यासाठी कुणी पंक्चरचं कारण देत नाही.

किनाऱ्यावरच्या माणसांनी हे सगळं शास्त्र एका ओळीत बसवलं आहे. तिथीची पाऊणपट करा, येईल त्या सुमाराला भरती. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणून तीनला भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. रीत ढोबळ आहे, अर्ध्यापाऊण तासाचा फरक धरायचा, पण चालते. जुन्या पिढीनं शाळेत मार खात पाऊणकी पाठ केली, ती कशासाठी केली असा प्रश्न मला बरीच वर्षं पडला होता. गुरुजींना समुद्राची काळजी होती, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

आता याच रितीनं एक गंमत कळते. पौर्णिमेला आणि अमावस्येला समुद्राला उधाण असतं. भरती मोठी, म्हणून ओहोटीही मोठी. पाणी एरवीपेक्षा वर चढतं आणि एरवीपेक्षा लांब हटतं. आणि आपल्या किनाऱ्यावर ही मोठी ओहोटी पडते सकाळ-संध्याकाळ साडेपाच-सहाच्या आसपास, म्हणजे ऐन उजेडाच्या वेळेला. हा योगायोग नव्हे. दर पौर्णिमेला, दर अमावस्येला हेच. अष्टमीला उलटं. तेव्हा समुद्र भांगावर असतो, पाण्याची चढउतार बेताची, आणि सूर्यास्ताच्या वेळी नेमकी भरती. खडक पाण्याखाली, वाळूची नुसती किनार उरलेली. मधल्या तिथींचे आपापले हाल आहेत. एकादशीला ओहोटी येते दुपारी अडीचच्या सुमाराला. डोक्यावर ऊन, पोटात उपास आणि पायाखाली तापलेली वाळू. अशा स्थितीत काढलेल्या फोटोत माणसं हसत असली तरी डोळे मिटलेले असतात.

तेव्हा फोटोवाल्याची मागणी अगदी साधी असते. पौर्णिमा किंवा अमावस्या, एखादा दिवस मागंपुढं, आणि त्यात शनिवार-रविवार. पावसाळा नको. एवढं मिळालं की झालं.

अमावस्या पहिल्याच फेरीत बाद होते. आमच्या आत्या सहलीला येणार नसतात, तरी त्यांचं मत विचारात घेतलं जातं. त्या म्हणतात, "अवसेला घरातून कोण निघतं रे?" यावर खगोलशास्त्र काही बोलू शकत नाही. राहिल्या पौर्णिमा. वर्षाला बारा म्हणजे पुष्कळ झाल्या असं वाटतं आणि आपण भिंतीवरचं कालनिर्णय उघडतो.

ज्येष्ठात वटपौर्णिमा. बायकोला वडाला फेऱ्या मारायच्या असतात, त्याही आपल्याच भल्यासाठी, त्यामुळे बोलायची सोय नाही. आषाढात गुरुपौर्णिमा, श्रावणात नारळी, त्याच दिवशी राखी, आणि दोन्ही भर पावसात. आश्विनात कोजागिरी, सोसायटीच्या गच्चीवर दूध आटवायची जबाबदारी ज्याच्यावर असते तो समुद्रावर जाऊ शकत नाही. कार्तिकात त्रिपुरी, देवळात दिवे. मार्गशीर्षात दत्तजयंती. पौषात शाकंभरी, साडूंच्या घरी भाज्यांचा नैवेद्य. फाल्गुनात होळी. चैत्रात हनुमान जयंती, शेजारच्या मारुतीला पहाटे जायचं. वैशाखात बुद्धपौर्णिमा, सरकारी सुट्टी असते पण मुलांना घेऊन आजोळी जायची तेव्हाच तिकिटं काढलेली असतात. एक पौर्णिमा रिकामी नाही. लग्नाचा हॉल शोधणारा माणूस आणि ओहोटी शोधणारा माणूस सारख्याच चेहऱ्यानं पानं उलटत असतात.

पानं उलटताना हळूहळू लक्षात येतं की घर आणि समुद्र मुद्दाम एकमेकांच्या आड येत नाहीत. विजेचे दिवे नव्हते त्या काळात ज्या रात्री चांदणं भरपूर, त्या रात्री माणसांनी सण ठेवले. चांदणं भरपूर असतं त्याच दिवशी पाणी लांब हटतं. दोघांनी तारखा एकाच चंद्राकडून घेतल्या आहेत. सण आधी आले आणि त्यांनी रुमाल टाकून जागा धरली. कॅमेरा फार उशिरा आला, तो उभा आहे.

भाद्रपद आणि माघ, एवढ्या दोन पौर्णिमांच्या चौकोनात आमच्या घरापुरतं काही लिहिलेलं नव्हतं. भाद्रपदात पाऊस. उरली माघ. हवा कोरडी, आभाळ मोकळं, थंडी सोसवेल इतपत, आणि त्या वर्षी आली होती शनिवारी. मी त्या चौकोनाभोवती लाल पेनानं गोल काढला आणि घरच्या ग्रुपवर तारीख टाकली. उत्तरादाखल सर्वांनी अंगठे पाठवले. अंगठा म्हणजे संमती नव्हे. संदेश पोचला, वाचला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

नंतर मागण्या येऊ लागल्या. भाच्याला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ड्रोन उडवायचा होता. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, हे कळल्यावर त्याचा निसर्गातला रस संपला. वहिनींना घोडागाडीतून किल्ल्यात जायचं होतं, तेही वाटेत लाटा चाकांना लागतील अशा बेतानं. साडूंना मासे हवे होते. मोठ्या मेव्हण्यांना समुद्रातून उगवणारा सूर्य हवा होता.

मेव्हण्यांची ही मागणी जुनी आहे. त्यांनी कन्याकुमारीला तो पाहिला आहे आणि तेव्हापासून प्रत्येक समुद्राकडून त्यांची तीच अपेक्षा असते. कोकणचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. इथे सूर्य समुद्रात बुडतो आणि सकाळी मागच्या डोंगरांवरून, नारळीपोफळीतून वर येतो, हे त्यांना नकाशा दाखवून सांगितलं. ते म्हणाले, "लवकर उठलं तर दिसेल." पाण्यावरचा सूर्योदयच हवा असेल तर मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावर जावं, कारण त्याचं तोंड पूर्वेला, बंदराकडे आहे. पण सूर्योदयासाठी अलिबागहून मुंबईला जायचं, हे त्यांना पटलं नाही. मग मी त्यांना पौर्णिमेची खास गोष्ट सांगितली. त्या पहाटे इकडे डोंगरामागून सूर्य वर येत असताना तिकडे पूर्ण चंद्र समुद्रात उतरत असतो, आणि खाली ओहोटी असते. ओल्या वाळूत चंद्र आणि वर गुलाबी आभाळ, असं दृश्य महिन्यातून एकदाच. मेव्हणे म्हणाले, "चंद्र मावळताना काय बघायचा? तो आमच्या गॅलरीतूनही मावळतो."

जागा ठरवण्यासाठी नकाशा उघडला की आणखी एक खेळ सुरू होतो. नकाशावर कोकणातल्या जागा एकमेकींना खेटून असतात. हरिहरेश्वर आणि वेळास यांच्यात बोटाचं पेरभर अंतर. वेळास हे नाना फडणविसांचं गाव, तिथे कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, ते बघून येऊ, असं कुणीतरी म्हणतं. पण मध्ये सावित्री नदी बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते आणि ती पेरभर नसते. बागमांडल्याहून गाड्या वाहून नेणारी फेरीबोट आहे, तिची वेळ, तिची रांग, रांगेत पुढे लागलेला टेम्पो, त्या टेम्पोतल्या कोंबड्या, या सगळ्यांचा हिशोब नकाशा करत नाही. आगरदांडा ते दिघी तेच. जयगड ते तवसाळ तेच. कोकणात दोन गावांमधलं अंतर किलोमीटरमध्ये सांगणाऱ्या माणसानं खाडी पाहिलेली नसते.

शिवाय दोन दिवसांच्या सहलीत उजेड मिळतो फार थोडा. शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची पहाट, बस. बाकीचा सगळा वेळ गाडी, जेवण, पार्किंग आणि "चार्जर कुणी घेतला" यात जातो. त्यातली रविवारची पहाट चहावाचून कुणी हलत नाही म्हणून जाते. राहते एक संध्याकाळ. सगळ्या सहलीचा खर्च त्या एका संध्याकाळवर मांडला तर माणूस घरी बसून आंबोळ्या खाईल.

ती संध्याकाळ मी अलिबागला नेमली. किल्ला डोळ्यांसमोर, वाळू काळसर आणि सपाट, त्यामुळे पाणी हटलं की आभाळ खाली उतरल्यासारखं दिसतं. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये कुलाबा किल्ल्याचं काम सुरू करवलं, संभाजीराजांच्या काळात ते पुरं झालं, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथूनच समुद्रावर दरारा बसवला. तटाचे मोठमोठे दगड चुन्याशिवाय एकमेकांवर बसवले आहेत, लाट आत शिरते आणि जिरते. ओहोटीला चालत जाता येतं, भरती लागली की किल्ला पुन्हा बेट होतो. भांगाच्या दिवसांत ओहोटीलाही वाट नीट कोरडी होत नाही. उधाणाच्या दिवसांत होते. म्हणजे पौर्णिमेला चारच्या सुमारास चालत जावं, तटावर फिरावं आणि पाणी फिरायच्या आत परत यावं. उशीर झाला तर पुढची ओहोटी पहाटे. आत गोड्या पाण्याची विहीर आहे आणि गणपतीचं देऊळ आहे, तेव्हा अडकलेल्या माणसाची तहान आणि प्रार्थना यांची सोय तेवढी आहे.

हरिहरेश्वरला ही थट्टा चालत नाही. तिथे प्रदक्षिणेची वाट डोंगराच्या खिंडीतून पायऱ्यांनी थेट खडकांवर उतरते. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्यानं खडकांना मधाच्या पोळ्यासारखी जाळी पाडली आहे आणि कॅमेरा असलेला माणूस तिथे हमखास वाकून बसतो, समुद्राकडे पाठ करून. ती वाट फक्त ओहोटीची. तिथून माणसं वाहून गेली आहेत. तिथे पाऊणकीवर विसंबू नये. छापील वेळ बघावी, गावातल्या माणसाला विचारावं आणि तो नको म्हणाला तर फोटो नको.

गावातल्या माणसाला विचारण्याचे इतरही फायदे असतात. जेवणाचं सांगायला म्हणून अलिबागला एका खाणावळवाल्या काकूंना फोन केला.

"किती ताटं?" त्यांनी विचारलं.

"आठ. शनिवारी दुपारी."

"तारीख नको, तिथी सांगा."

"पौर्णिमा."

"मग जेवायला साडेबाराला या. दोननंतर सगळे झोपतात नि उठतात तेव्हा ओहोटी येऊन गेलेली असते. मागल्या खेपेला एका फोटोवाल्या पाव्हण्याचं तसंच झालं. बिचारा अंधारात समुद्राचा फोटो काढीत होता."

"आणि मासे काय मिळतील?"

"उधाणाला ओढ असते. डोलीला काय लागतं ते बघू. बोंबील धरून चाला."

डोलीचं जाळं पाण्याच्या ओढीवरच चालतं, हे मी साडूंना समजावून सांगितलं. उधाणात ओढ जास्त. म्हणजे ज्या तिथीला माझे खडक उघडे पडतात त्याच तिथीला त्यांच्या ताटात बोंबील येण्याची आशा अधिक. साडूंनी आयुष्यात पहिल्यांदाच छायाचित्रण या कलेबद्दल आदर व्यक्त केला.

सामानाची यादी हा वेगळा अध्याय. तिवई, खाऱ्या तुषारांसाठी काच पुसायचं फडकं, आणि काचेवर लावायचा काळा एनडी फिल्टर. या फिल्टरनं कॅमेऱ्याचं झाकण पंधरा-वीस सेकंद उघडं ठेवता येतं, तेवढ्या वेळात लाटा येतात-जातात आणि फोटोत पाण्याऐवजी नुसता धूसर पांढरेपणा उरतो. जाणकार याला कला म्हणतात. असा एक फोटो मी मोठ्या अभिमानानं घरात दाखवला होता. वहिनी म्हणाल्या, "धुकं होतं वाटतं." मेव्हणे म्हणाले, "लाटा कुठे गेल्या?" आणि आत्यांनी चष्मा लावून, फोटो जवळ-लांब धरून विचारलं, "पण यात आपल्यातलं कुणीच कसं नाही?"

हा प्रश्न सर्वांत खोल आहे. निसर्गाच्या फोटोत माणूस आला तर फोटोवाल्याला तो डाग वाटतो. नातेवाईकांना माणूस नसलेला फोटो हा वाया गेलेला फोटो वाटतो. एवढ्या लांब जाऊन, पेट्रोल जाळून, नुसते खडक काढून आणले? खडक काय, तिथे होतेच.

तर अशी सगळी तयारी झाली. खोल्या बघितल्या, ताटं सांगितली, मेव्हण्यांना पश्चिम दिशा समजावली. आणि एके रात्री साडूंचा फोन आला. पुतणीचं लग्न ठरलं. साखरपुडा माघ पौर्णिमेला, शनिवारी, संध्याकाळी साडेपाचला.

"अहो, पण तीच तारीख कशी?" मी विचारलं.

"साखरपुड्याला मुहूर्त कुठे लागतो? हॉल लागतो. आणि त्या दिवशी कुठला सण नाही, सगळे मोकळे असतात, म्हणून हॉलवाल्यानं तीच दिली. तुम्हीच नाही का ग्रुपवर टाकली होतीत ती तारीख? सगळ्यांनी अंगठे दिलेले. म्हटलं, वा, सगळ्यांना जमतंय."

हॉल अलिबागला होता. समुद्रकिनाऱ्यावरचा रिसॉर्ट. हल्ली मुंबई-पुण्याची निम्मी लग्नं तिकडेच लागतात की काय, अशी शंका यावी इतकी मंडळी तिकडे निघालेली असतात.

पौर्णिमेला साडेपाचच्या सुमारास समुद्रानं कोष्टकात लिहिल्याप्रमाणे काम चोख केलं. पाणी लांब हटलं, वाळू चकाकायला लागली, छोट्या खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची नक्षी घातली, सूर्य किल्ल्याच्या बाजूला कलला. मी सिल्कचा कुर्ता घालून पहिल्या रांगेत बसलो होतो आणि तिवई गाडीच्या डिकीत होती. अंगठ्या घालून झाल्या, पेढे वाटून झाले, गर्दी ताटांकडे वळली तसा मी बाहेर सटकलो. चपला हातात, तिवई खांद्यावर, अजून दहा मिनिटांचा उजेड. अगदी हवी ती जागा मिळाली. समोर ओली वाळू, तिच्यात सगळं आभाळ, मागे किल्ला, आणि मैलभर कुणी माणूस नाही.

तेवढ्यात मागून हाक आली. साखरपुड्याचा फोटोग्राफर होता. त्याच्यामागे हातात चांदीच्या रंगाची छत्री धरलेला मुलगा, त्याच्यामागे घागरा सावरत येणारी पुतणी आणि तिचा होणारा नवरा. फोटोग्राफरनं येताना घड्याळ बघितलं, पाण्याकडे बघितलं आणि समाधानानं मान हलवली. या धंद्यातली पोरं तारीख घेतानाच ओहोटी बघून ठेवतात, असं नंतर त्यानं मला सांगितलं. त्यांच्या फोटोत माणसं असतात, म्हणून त्यांना उजेडाच्या वेळी पेढे वाटावे लागत नाहीत.

"काका," तो अदबीनं म्हणाला, "जरा तिकडे सरकता का? फ्रेममध्ये येताय."

मी सरकलो. तिकडे, कोरड्या वाळूवर, मोठे मेव्हणे बोंबलाची बशी हातात घेऊन उभे होते. मावळत्या सूर्याकडे बोट करून त्यांनी मला विचारलं, "उद्या हा इथूनच उगवणार ना?"